सहा संगणक, मुदत संपलेले विंडोज १० आणि ‘फुकटच्या’ लिनक्सचा भरवसा

नागपूरच्या इतवारीतून आलेला प्रश्न थोडक्यात असा. धान्याचे ठोक दुकान, सहा संगणक. चार जुने: इंटेल आय-थ्री, चौथी पिढी, ४ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. दोन त्यामानाने नवे: आय-फाइव्ह, दहावी पिढी. सगळ्यांवर विंडोज १०. टॅली दोन नव्या मशीनवर चालते. बाकीच्यांवर ई-वे बिल, ई-मेल, बँक आणि पत्रव्यवहार. छपाईला टीव्हीएसचा एमएसपी २५० आणि कॅननचा एलबीपी २९००. सीताबर्डीहून येणारा दुरुस्तीवाला म्हणतो, ‘मशीनमागे आठशे द्या, विंडोज ११ ॲक्टिव्हेट करून देतो.’ पुतण्या म्हणतो, विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाका. दिवाणजी म्हणतात, ज्याचा कोड साऱ्या जगाला वाचता येतो त्याच्या भरवशावर दुकानाचे पैसे कसे ठेवायचे? तिघांपैकी कोणाचे ऐकावे?

चार जुन्या मशीनवर लिनक्स, दोन नव्यांवर अस्सल विंडोज ११, आणि ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याविना विंडोज सक्रिय करून देणारा प्रोग्राम, एकावरही नाही. या सगळ्याच्या आधी बॅकअप. पण दिवाणजींची शंका रास्त आहे आणि तिचे नीट उत्तर दिल्याशिवाय पुढचे काम दुकानात कोणी मनापासून करणार नाही, म्हणून सुरुवात तिथून.

कुलूप कसे बनते हे शहरातल्या प्रत्येक कुलूपवाल्याला माहीत असते. तिजोरी सुरक्षित राहते ती किल्ली तुमच्या कनवटीला असते म्हणून. ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनाबद्दल हेच मांडले होते: यंत्रणेची सगळी रचना शत्रूच्या हाती पडली तरी किल्ली सुरक्षित असेपर्यंत ती टिकली पाहिजे. आज बँकेच्या साइटशी बोलताना तुमचा ब्राउझर बहुधा एईएस ही गुप्तलेखनपद्धत वापरतो. ती अमेरिकेच्या एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने खुल्या स्पर्धेतून निवडली. जगभरच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे ती मोडायचा प्रयत्न केला आणि २००१ मध्ये ती प्रमाण झाली. तिचे गणित कोणालाही वाचता येते. म्हणजे दिवाणजींचे पैसे कितीतरी वर्षांपासून उघड्या रचनेच्याच कुलपात आहेत.

शिवाय बंद कोड चोराला दिसत नाही हा समजही चुकीचा आहे. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या देते. दुरुस्ती आली की जाणकार मंडळी जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवून ताडून पाहतात आणि भोक नेमके कुठे होते ते शोधतात. त्याला मूळ कोड लागत नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याचा खरा धोका इथे आहे. मशीन बंद पडत नाही, म्हणून काही बिघडले असे वाटत नाही. पण विंडोज ११ ला मिळणारी दुरुस्ती बऱ्याचदा विंडोज १० मधल्या त्याच भोकाचा पत्ता सांगते, आणि तिथे ते बुजवायला कोणी येत नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव योजना आहे. धंद्यासाठीची योजना वेगळी, पैसे मोजून घ्यायची आणि दरवर्षी दुप्पट महाग होणारी. चौथ्या पिढीच्या मशीनवर तो पैसा घालू नये.

आता दुसरी बाजू, कारण लिनक्सवाले ती पुष्कळदा सांगत नाहीत. कोड उघडा आहे म्हणजे कोणीतरी तो वाचला आहे, असे नाही. ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीवर (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडवर) इंटरनेटवरच्या साइटांचा मोठा हिस्सा चालतो. मार्च २०१२ मध्ये तिच्या १.०.१ आवृत्तीत एक चूक शिरली. समोरचा ‘मी पाठवलेला मजकूर इतक्या लांबीचा आहे’ असे सांगे आणि प्रोग्राम ती लांबी न तपासता तेवढी मेमरी परत पाठवून देई. एका विनंतीला ६४ केबीपर्यंत, आणि त्यात पासवर्ड, किल्ल्या, काहीही. ही ‘हार्टब्लीड’ चूक उघडकीला आली एप्रिल २०१४ मध्ये. दोन वर्षे कोड सगळ्यांसमोर होता आणि त्याची पूर्णवेळ देखभाल करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती.

डेबियन या लिनक्सच्या एका वितरणातली, म्हणजे तयार संचातली, चूक आणखी बोलकी आहे. मेमरी तपासणाऱ्या एका साधनाने इशारे दिले, म्हणून २००६ मध्ये ओपनएसएसएलमधून काही ओळी काढल्या गेल्या. किल्लीचा अंदाज येऊ नये म्हणून लागणारा यादृच्छिकपणा त्या ओळीच पुरवत होत्या. परिणाम असा की त्या काळात डेबियन आणि तिच्यावर आधारलेल्या उबुंटूवर बनलेल्या किल्ल्या एका प्रकारात आणि लांबीत ३२,७६८ शक्यतांपुरत्याच उरल्या. इतक्या किल्ल्या कोणीही एका बैठकीत करून पाहील. मे २००८ पर्यंत ते कोणाच्या लक्षात आले नाही. काढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. समजले नाही ते काढून टाकले, एवढेच.

आणि मग २०२४ चे एक्सझेड प्रकरण. फाइल लहान करणारी ही लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ खरेखुरे, उपयोगी काम करून विश्वास मिळवला. मूळ देखभाल करणारा एकटा आणि थकलेला, त्याच्यावर दबाव आणला गेला, आणि प्रकल्पाची सूत्रे वाटून मिळाली. मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आला. तो ओळखायला अवघड, कारण घातक भाग चाचणीसाठीच्या फाइलींत दडवलेला होता, आणि तो जागा करणारी ओळ सार्वजनिक कोडसाठ्यात नव्हतीच. प्रकाशनासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात तेवढी होती. अँड्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमधले, पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते. एसएसएचने, म्हणजे दुरून मशीनमध्ये शिरायच्या पद्धतीने, लॉगिन करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढत ते तिथवर पोचले आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी ते जाहीर केले.

या प्रकरणातून लोक दोन उलटे अर्थ काढतात. माझा अर्थ असा: कोड उघडा होता म्हणून शंका आलेल्या माणसाला मुळापर्यंत जाता आले, आणि देखभालीला माणसे आणि पैसा नव्हता म्हणून चोर आत येऊ शकला. दोन्ही खरे. तुमच्या दुकानापुरता धडा मात्र अगदी साधा आहे. तो चोरदरवाजा डेबियनच्या चाचणी शाखेत आणि फेडोरा या दुसऱ्या वितरणाच्या कच्च्या आवृत्त्यांत पोचला होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत किंवा उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीत पोचला नव्हता. पुतण्याला सांगा, दुकानात नव्यातले नवे काही नको. एलटीएस म्हणजे दीर्घ मुदतीचा आधार असलेलेच टाकायचे.

बंद कोडचे उदाहरणही समोर ठेवू. विंडोजच्या फाइल वाटण्याच्या जुन्या पद्धतीतले भोक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला बुजवले. त्याच भोकातून शिरणारा वॉनाक्राय हा खंडणीचा व्हायरस १२ मे २०१७ ला पसरला. औषध दोन महिने आधी आले होते. ते मशीनपर्यंत पोचले नव्हते, एवढ्यावर जगभरची इस्पितळे आणि कारखाने अडले.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना ‘कोड उघडा की बंद’ यापेक्षा हे विचारा: भोक सापडले तर बुजवणारा कोणी आहे का, ती दुरुस्ती माझ्या टेबलावरच्या मशीनला किती दिवसांत मिळते, आणि सगळे करूनही घात झाला तर दुकान किती तासांत पुन्हा उघडते? या तीन प्रश्नांवर आठशे रुपयांचा ॲक्टिव्हेटर तिन्ही वेळा नापास होतो.

तो का, तेही सांगतो. ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करा किंवा त्याला अपवाद द्या, असे सांगितले जाते. मग तो प्रशासकाच्या अधिकाराने चालतो. कोणी लिहिला माहीत नाही, कोड दिसत नाही, सही नाही, आणि त्याला घराच्या सगळ्या किल्ल्या दिलेल्या. डिसेंबर २०२१ मध्ये केएमएस-पिको या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट हा पासवर्ड चोरणारा प्रोग्राम पसरत असल्याचे सुरक्षातज्ज्ञांनी दाखवले. कोड जगाला दिसतो म्हणून लिनक्सला घाबरायचे आणि हे पाहुणे म्हणून आत घ्यायचे, हे दिवाणजींनाच पटणार नाही. दोन नव्या मशीनचे आत्ताचे विंडोज अस्सल आहे का ते पाहा: सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, ॲक्टिव्हेशन. तिथे ‘संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सेवेने सक्रिय’ अशा अर्थाचे वाक्य असेल आणि तुमची अशी कोणतीही संस्था नसेल, तर त्यावर आधीच ॲक्टिव्हेटर बसलेला आहे. असे मशीन वरून अपग्रेड करू नका. डेटा काढून डिस्क पूर्ण पुसून नव्याने इन्स्टॉल करा आणि परवाना विकत घ्या. ब्रँडेड मशीन असेल तर अस्सल परवान्याची किल्ली बहुधा मदरबोर्डमध्येच असते. तीच आवृत्ती टाकली की ती आपोआप उचलली जाते.

दहाव्या पिढीचे मशीन विंडोज ११ ला चालते. तरीही ‘हा संगणक पात्र नाही’ असा निरोप आला तर घाबरू नका. बायॉसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ‘इंटेल पीटीटी’ बहुधा बंद असते. ते सुरू केले की विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय दिसू लागते. सिक्युअर बूटही सुरू ठेवा. इन्स्टॉल झाल्यावर डिस्क एन्क्रिप्शन आपोआप सुरू झाले आहे का ते तपासा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. मदरबोर्ड गेला आणि ही की नसली तर स्वतःच्याच वह्या स्वतःला वाचता येत नाहीत.

जुन्या चार मशीनना लिनक्सच्या आधी हार्डवेअरकडे बघा. फिरती डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. मशीन ‘हँग होते’ या तक्रारीतला बहुतेक भाग तिथेच संपतो. डीडीआर-थ्री रॅमची आणखी एक ४ जीबी पट्टी मिळाली तर घाला, कारण लिनक्स ४ जीबीत आरामात चालते पण ब्राउझरचे दहा टॅब चालत नाहीत. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला. चाळीस-पन्नास रुपयांच्या या सेलमुळे होणारा घोळ फार कमी जणांना कळतो: सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ मागे पडते, आणि घड्याळ चुकले की बँकेच्या आणि जीएसटीच्या साइटचे प्रमाणपत्र ‘अवैध’ दिसते. मग कोणीतरी इशारा डावलून पुढे जायची सवय लावून घेतो, आणि खरोखरच बनावट साइट आली तरी तोच हात तसाच पुढे जातो. धान्याच्या दुकानात भुसा आणि धूळ पंख्यात साचते; नागपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, त्याने प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. ब्लोअर मारा, जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावा.

त्यावर लिनक्स मिंट या वितरणाची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका. मिंट २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. इतर वितरणे वाईट आहेत असे नाही. डेबियन स्थिर आवृत्ती उत्तमच. पण विंडोजची सवय असलेल्या माणसाला मिंटचा मेनू शिकवावा लागत नाही, आणि चार माणसांच्या हाताला रुळणे ही सुरक्षेचीच बाब आहे. न रुळलेली यंत्रणा लोक महिनाभरात टाळू लागतात आणि बँकेचे काम घरच्या जुन्या लॅपटॉपवर करतात.

आयएसओ, म्हणजे इन्स्टॉल करायची फाइल, मिंटच्याच साइटवर दिलेल्या मिररवरून (प्रती ठेवणाऱ्या साइटवरून) घ्या. शोधयंत्रात नाव टाकून वरच्या जाहिरातीवर टिचकी मारू नका. २०२३ मध्ये कीपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रामच्या नावाने अशी जाहिरात फिरत होती; पत्त्यातल्या एका अक्षराखाली बारीक चिन्ह होते, बाकी साइट हुबेहूब. उतरवलेल्या फाइलचा शा-२५६ आकडा, म्हणजे तिचा ठसा, साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहायचा. विंडोजवर सर्टयुटिल हे साधन आधीच असते. मिंटच्या बाबतीत तर हे टाळूच नये. २० फेब्रुवारी २०१६ ला त्यांच्या साइटमध्ये घुसून १७.३ सिनेमन आवृत्तीचा दुवा चोरदरवाजा असलेल्या फाइलकडे वळवला गेला होता. प्रकल्पाने ते स्वतःहून लगेच जाहीर केले, हे त्यांच्या बाजूने. पण आकडा आणि फाइल एकाच घरात असतील तर चोर दोन्ही बदलू शकतो, म्हणून आकड्यांच्या फाइलवरची जीपीजी ही डिजिटल सहीही पुतण्याने पडताळून घ्यावी. त्याला पाऊण तास लागेल. चारही मशीनसाठी एकदाच.

८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस या प्रोग्रामने फाइल चढवा आणि आधी इन्स्टॉल न करता त्यावरूनच मशीन चालवून बघा. वाय-फाय, आवाज, छपाई, स्क्रीनचा आकार, सगळे तिथेच कळते. चारही मशीनवर अर्धा दिवस असे काम करून बघितल्याशिवाय डिस्क पुसू नका. इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो; बँकेचे काम होणाऱ्या मशीनवर तो घ्या. नंतर अपडेट मॅनेजरच्या पसंतीत स्वयंचलित अपडेट सुरू करा. हे आपोआप सुरू नसते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, दुरुस्ती मशीन पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही, तेव्हा रात्री शटर पाडताना मशीन खरोखर बंद करायचा नियम ठेवा. प्रणालीच्या प्रती काढून ठेवणारे टाइमशिफ्ट चालू ठेवा, पण ते फक्त प्रणाली मागे नेते, तुमच्या फाइली नाही. सॉफ्टवेअर मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच. तिथे पडताळणी न झालेले फ्लॅटपॅक (बाहेरून येणारी तयार ॲप) मुळातच लपवलेले असतात. ते उघडू नका.

एक मशीन फक्त बँकेसाठी ठेवा. त्यावर व्हॉट्सॲप वेब नाही, ई-मेलमधली जोडपत्रे नाहीत, ब्राउझरला एक्स्टेंशन नाही. चार जुन्यांपैकी एक त्यासाठी वेगळे काढा. पासवर्ड कीपास-एक्ससी या पासवर्ड सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये. त्याची फाइल बॅकअपमध्ये जाते, मुख्य पासवर्ड मालकाच्या डोक्यात आणि सीलबंद पाकिटात.

टॅली लिनक्सवर नेऊ नका. वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनावर) ती उघडते असे सांगणारे भेटतील, पण परवाना, छपाई आणि सही यांतले काहीतरी हंगामाच्या ऐन दिवशी अडते. टॅली आणि डिजिटल सहीचे टोकन दोन विंडोज मशीनवरच राहू द्या. जीएसटीच्या सहीच्या साधनाची लिनक्स आवृत्ती आहे, तरी विवरणाच्या शेवटच्या तारखेला तिच्याशी झगडण्यात अर्थ नाही. मालकी हक्काचा धंदा असेल तर ओटीपीने विवरण भरता येते, तेव्हा लिनक्सवरचा ब्राउझर पुरतो.

एमएसपी २५० ला अडचण नाही. तो एप्सनची भाषा समजतो. छपाईच्या यादीत एप्सन ९-पिनचा सर्वसाधारण ड्रायव्हर निवडा आणि कागदाचा आकार हाताने द्या. पट्टी-कागदाची लांबी चुकली की प्रत्येक बिल दोन-तीन ओळी खाली सरकत जाते. पाचव्या-सहाव्या बिलाला ते लक्षात येते, तेव्हा पहिली दहा बिले कोऱ्या कागदावर काढा. एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी. तो कॅननच्या स्वतःच्या कॅप्ट भाषेत बोलतो आणि लिनक्सवर त्याचा भरवशाचा मार्ग नाही. तो विंडोज मशीनला जोडा. लिनक्सवरून पीडीएफ सामायिक फोल्डरमध्ये टाका आणि तिथून छापा. पुढचा प्रिंटर घेताना पोस्टस्क्रिप्ट किंवा ड्रायव्हरविना छपाईची सोय पाहून घ्या. बंद भाषेची किंमत म्हणजे काय, ते हा एक प्रिंटर रोज दाखवतो: यंत्र धडधाकट आहे, पण ते कोणाशी बोलेल हे ठरवण्याचा हक्क तुमच्याकडे नाही.

मराठीचे दोन प्रश्न येतील. जुनी पत्रे कृतिदेव किंवा श्रीलिपीत असतील तर ती लिनक्सवर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. फाइल खराब झालेली नसते. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेले असते, एवढेच. परवानगी असलेला फाँट बसवला की मजकूर वाचता येतो, पण नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहा, नाहीतर त्यात शोधता येत नाही आणि तो पोर्टलवर चढत नाही. टंकलेखनाला कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडा. ‘व्यापाऱ्यांना’ लिहिताना अडलात तर: शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ. तो अर्धा ‘ऱ’ हिंदी कीबोर्डवर शोधत बसू नका. सीएंना पाठवायची पत्रके लिब्रेऑफिसमधून एक्सएलएसएक्समध्ये जतन करा. मॅक्रो असलेली पत्रके मात्र विंडोजवरच ठेवा, कारण ती अर्धवट चालतात आणि चुकलेला आकडा लगेच दिसत नाही.

घरून टॅली पाहायची सोय आहे का? प्रश्नात ते लिहिलेले नाही, पण ठोक दुकानांत बहुधा असते, आणि सगळ्यांत मोठे भोक तिथेच असते. राउटरमध्ये ३३८९ हा दरवाजा उघडून रिमोट डेस्कटॉप बाहेर दिलेला असेल तर आजच बंद करा. पूर्ण इंटरनेट सतत चाचपणारे प्रोग्राम तो काही तासांत शोधतात आणि पासवर्ड मारत बसतात. खंडणीच्या व्हायरसचा हा नेहमीचा रस्ता आहे. दरवाजाचा क्रमांक बदलून उपयोग नाही. त्याऐवजी वायरगार्ड ही व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून खाजगी वाट करून देणारी सोय, वापरा. हे ओपन सोर्स असून २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. दुरुस्तीवाल्याने ‘लागलं तर बघतो’ म्हणून कायमच्या पासवर्डने बसवलेले दूरनियंत्रणाचे सॉफ्टवेअरही काढा. गरज असेल तेव्हा सुरू करून, काम झाले की बंद.

पैशाबद्दल थोडे. ओपन सोर्सच्या परवान्यात ‘कोणतीही हमी नाही’ हे ठळक लिहिलेले असते, आणि ते खरे मानावे. मिंट किंवा लिब्रेऑफिस बनवणारा तुमचा पुरवठादार नाही. अडचण आली तर त्याला जाब विचारता येत नाही. त्याला नीट तक्रार मात्र पाठवता येते: कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले. ‘प्रिंट होत नाही’ एवढ्याने कोणालाच काही करता येत नाही. विंडोजचे चार परवाने वाचले त्यातला थोडा हिस्सा दरवर्षी या प्रकल्पांना द्या. हार्टब्लीड आणि एक्सझेड दोन्हीकडे मुळाशी एकच गोष्ट होती, एकट्या माणसावर पडलेले ओझे. पुतण्याला वेळ असेल तर लिब्रेऑफिसच्या मराठी अनुवादात भर घालणे हीसुद्धा देणगीच आहे, आणि दिवाणजींना मेनू मराठीत दिसला तर त्यांची निम्मी भीती आपसूक जाईल.

आता बॅकअप, करायला सगळ्यांत आधी, लिहायला शेवटी, कारण यात चार जुन्यांपैकी आणखी एका लिनक्स मशीनचा उपयोग आहे. टॅलीच्या मशीनला कायम लावून ठेवलेली बाहेरची डिस्क हा बॅकअप नव्हे. खंडणीचा व्हायरस पहिल्यांदा तीच डिस्क गुंडाळतो. उलट दिशा ठेवा: विंडोजने पाठवायचे नाही, लिनक्सने ओढून घ्यायचे. टॅलीतून रोज संध्याकाळी डेटा मेनूतला बॅकअप एका फोल्डरमध्ये काढा. कंपनी उघडी असताना डेटा फोल्डर तसाच उचलू नका, प्रत अर्धवट येते. ते फोल्डर नेटवर्कवर एका वेगळ्या वापरकर्त्याला फक्त वाचण्यापुरते द्या. लिनक्स मशीनवर ते एफएसटॅब या जोडण्यांच्या यादीतून फक्त-वाचन म्हणून जोडा आणि बॅक इन टाइम या प्रोग्रामला रात्री साडेआठला ते ओढायला सांगा. त्याची साठवणीची डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी-४ पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी. एक्सफॅट पद्धतीवर हार्ड लिंक (एकाच फाइलला अनेक नावे) होत नाहीत, त्यामुळे न बदललेल्या फाइलीही दररोज पूर्ण जागा खातात आणि डिस्क भरते. मागचे तीस दिवस रोजची प्रत, त्याआधी महिन्याची एक. या मशीनचा पासवर्ड विंडोजवर कुठेही जतन केलेला नको आणि त्याने उलट काही सामायिक केलेले नको. मग विंडोज मशीन पूर्ण हातचे गेले तरी चोराला जुन्या प्रतींपर्यंत वाट नसते.

त्याशिवाय दोन बाहेरच्या डिस्का, एन्क्रिप्ट केलेल्या, आठवड्याने आलटून पालटून: एक दुकानात, एक घरी. आग, पाणी आणि पावसाळ्यातल्या विजेचा झटका यांवर दुसरा इलाज नाही. डिस्क गाडीच्या डिकीत राहू देऊ नका. उन्हाळ्यात ती तिथे भाजून निघते. आणि फसवणूक झालीच तर पहिल्या तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते.

बॅकअप निघाला असा निरोप पुरेसा नाही. महिन्यातून एकदा, दुकान बंद असेल त्या दिवशी, बॅक इन टाइममधली प्रत दुसऱ्या विंडोज मशीनवर आणा आणि टॅलीत पुनर्स्थापित करा. मार्ग वेगळा द्या, म्हणजे चालू वह्यांवर ती बसणार नाही. शेवटच्या व्हाउचरचा क्रमांक, रोकड शिल्लक आणि चार मोठ्या व्यापाऱ्यांच्या खात्यांची बाकी दिवाणजींनी चालू वहीशी ताडून पाहावी. किती वेळ लागला तोही लिहावा. जुळले की डिस्कवर पट्टी चिकटवून तारीख आणि सही. नाही जुळले तर त्या दिवशी दुसरे काही करू नका.